कुंडीतली नीरब्राह्मी दर उन्हाळ्यात का जाते?

नर्सरीतून ब्राह्मीचं हिरवंगार रोप आणलं, पावसाळाभर ते कुंडीच्या काठावरून खाली लोंबेपर्यंत वाढलं, दिवाळीनंतर मंदावलं, मार्चमध्ये पिवळं पडलं आणि एप्रिल संपताना कुंडीत तपकिरी काड्या उरल्या. जूनमध्ये नवं रोप आणलं, पुढच्या एप्रिलला पुन्हा तीच गत. गच्चीवर औषधी झाडं लावणाऱ्या पुष्कळ जणांची ही तक्रार असते, आणि त्यांना मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: पाणी जास्त झालं असेल, मुळं कुजली असतील, निचरा सुधारा, कोकोपीट वाढवा.

या झाडाला हा सल्ला लावला तर ते आणखी लवकर मरतं. नीरब्राह्मी पाणथळ जागेतली आहे. तुळस, गुलाब, कोरफड यांच्यासाठी जे चांगलं, तेच तिच्यासाठी वाईट. बहुतेक कुंड्यांमध्ये ती तहानेनं जाते, आणि आपण ती कुजली असं समजून पाणी आणखी कमी करतो. हे चक्र तोडायचं असेल तर कुंडीच बदलावी लागते. पण त्याआधी एक खात्री करून घ्या.

कुंडीत नक्की आहे काय?

महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती सर्रास विकल्या जातात, आणि त्यांची पाण्याची गरज सारखी नाही. त्यामुळे रोप ओळखल्याशिवाय पुढचा कुठलाही उपाय करू नका.

एक फांदी उचलून बघा. नीरब्राह्मीचं खोड मऊ, रसाळ, जमिनीवर सरपटणारं. प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं, त्यांना देठ जवळजवळ नसतो. पान जाडसर, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, टोकाकडे रुंद आणि खोडाकडे निमुळतं, कडा सरळ. शिरा शोधाव्या लागतात इतक्या पुसट. फूल पानाच्या बगलेतून लांब देठावर एकेकटं येतं, पाच पाकळ्यांचं, पांढरं किंवा अगदी फिकट जांभळट. पान चावलं तर कडू लागतं आणि तो कडूपणा जिभेवर बराच वेळ राहतो. हीच बॅकोपा मॉनिएरी.

पान गोल असेल, देठाशी खाच असेल, कडेला बोथट दाते असतील आणि प्रत्येक पान स्वतःच्या लांब देठावर जमिनीतून वर आलेलं असेल, तर तुमच्याकडे मंडूकपर्णी आहे, म्हणजे सेंटेला एशियाटिका. मराठी वनस्पतिग्रंथांत हिला कारिवणा म्हणतात. ही कोथिंबिरीच्या कुळातली, नीरब्राह्मीशी तिचं काही नातं नाही. कोकणात विहिरीच्या कडेला, माडाच्या आळ्यात ती आपोआप पसरते. तिला ओलावा आवडतो, पण बरोबरीनं सावली आणि थोडा निचराही लागतो. तिच्या कुंडीत चिखल करून ठेवलात तर ती खरंच कुजेल. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात ब्राह्मी म्हणून बॅकोपा आणि मंडूकपर्णी म्हणून सेंटेला अशी स्वच्छ फोड केलेली आहे. नर्सरीतल्या पाटीवर ती फोड सापडेलच असं नाही.

आणखी दोन गल्लती नेहमी होतात. घोळीची पानंही जाडसर असतात, पण तिचं खोड लालसर, फूल पिवळं आणि चव आंबट. जलपिंपळी ओल्या जागीच पसरते, मात्र तिच्या पानाला वरच्या अर्ध्या भागात दाते असतात आणि फुलं बारीक बोंडात दाटीवाटीनं येतात. चव आणि फूल या दोन गोष्टी पाहिल्या की संशय राहत नाही. चव बघायची तर एकच स्वच्छ धुतलेलं पान, तेही रोप ओळखीच्या नर्सरीतलं असेल तर. नाल्याकाठचं तोंडात घालू नका.

अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना. तिथल्या गार्डन सेंटरमध्ये वसंतात बकोपा नावानं टांगत्या टोपल्या मिळतात, पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. ते मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं शोभेचं झाड आहे, सुटेरा किंवा कीनोस्टोमा. औषधातली ब्राह्मी ती नव्हे. खरी नीरब्राह्मी तिकडे मत्स्यालयाच्या दुकानात, पाण्यात बुडवून ठेवायच्या झाडांमध्ये सहज मिळते. पण ती रोपं खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यांवर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. ती आणून लावा, नवी वाढ येऊ द्या, त्या वाढीचे शेंडे पुन्हा लावा आणि मगच त्यांची पानं वापरा.

जाड पानावर जाऊ नका

नीरब्राह्मीचं पान मांसल दिसतं म्हणून पुष्कळ जण तिला कमी पाण्याच्या झाडांच्या रांगेत बसवतात. घोळ किंवा कोरफड पानात पाणी साठवून कोरडा काळ काढते. नीरब्राह्मीला ते जमत नाही. भाताच्या खाचरांच्या कडा, तळ्यांचे काठ, झऱ्याखालची ओल, थोडंसं खारं पाणी चढणारे खाडीकाठ, अशा जागांवर ती वाढते. सपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीपर्यंत भारतात ती आढळते, आणि सगळीकडे जागा ओलीच असते. मुळं उथळ, बारीक, पेरापेरातून फुटणारी. वरची दोन बोटं माती सुकली की तिच्या मुळांपैकी बहुतेक सुकलीच.

उन्हानं मरते म्हणावं तर तेही खरं नाही. लागवडीच्या शिफारशींमध्ये तिच्यासाठी 33 ते 40 अंश तापमान आणि 65 ते 80 टक्के आर्द्रता चांगली सांगितलेली असते. म्हणजे आपल्या एप्रिल-मेमधली उष्णता तिला चालते. तिला न चालणारी गोष्ट म्हणजे स्लॅबवर तापलेली, चार बाजूंनी हवा खाणारी, सकाळी भिजवलेली आणि दुपारी कोरडी पडलेली आठ इंची कुंडी. मातीची कुंडी तर भिंतींतूनही पाणी सोडते. इतर झाडांना तिचा फायदा होतो, इथे तोटा.

कुंडीतली ओल पुरेशी आहे की नाही, हे बघायला बोटानं माती दाबा. बोटाभोवती पाणी चकाकलं पाहिजे. माती नुसती दमट लागली, वाफसा आला असं वाटलं, तर पाणी कमी आहे. शेतकऱ्याला पेरणीसाठी वाफसा हवा असतो, नीरब्राह्मीला वाफसा येऊच द्यायचा नसतो.

कुंडी अशी करा

खोल कुंडी नको, पसरट टब घ्या. 12 ते 15 सेंटिमीटर खोली पुरते, रुंदी जितकी मिळेल तितकी चांगली. जुनं प्लास्टिकचं घमेलं, बाळाच्या आंघोळीचा टब, फळांचा न फुटलेला क्रेट आतून जाड प्लास्टिक लावून, काहीही चालतं. तळाला भोक पाडू नका. त्याऐवजी टबाच्या बाजूला एकच भोक पाडा, आणि ते माती जिथपर्यंत भरणार त्याच्या साधारण 2 सेंटिमीटर खाली.

सगळी खुबी या एका भोकात आहे. पाणी तेवढ्या पातळीपर्यंत साठून राहतं, जास्तीचं भोकातून निघून जातं, आणि पाण्याची पातळी मातीच्या आत राहते. मुळांना चोवीस तास पाणी मिळतं, मातीच्या वर मात्र उघडं पाणी साचत नाही. मुसळधार पावसातही टब तुडुंब होत नाही. डासांचा प्रश्नही इथेच सुटतो, आणि तो प्रश्न हलका नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या, गच्चीवरच्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातही त्याच्या अळ्या सापडतात आणि महापालिकेचे कर्मचारी पाहणीला आले की आधी त्या ताटल्याच बघतात.

आहे तीच कुंडी वापरायची असेल तर ती पाण्याच्या पसरट ताटलीत ठेवा, ताटली खडीनं किंवा विटांच्या तुकड्यांनी भरा आणि पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली ठेवा. आठवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, ताटली पूर्ण रिकामी करून घासून परत भरा. डासाचं अंड्यापासून उडेपर्यंतचं आयुष्य उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत पूर्ण होतं, त्यामुळे आठवड्याची खोटी करू नका. मोठ्या, खोल टबात नीरब्राह्मी कमळाबरोबर लावली असेल तर गप्पी मासे सोडा. पालिकेच्या हिवताप विभागाकडे ते पुष्कळ ठिकाणी मिळतात.

माती जड हवी. पोयटा, लाल माती किंवा तळ्यातला गाळ तीन भाग आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. कोकोपीट टाळा: ते हलकं असतं, भरपूर पाण्यात वर येतं, आणि एकदा पूर्ण सुकलं की पुन्हा भिजायला फार वेळ घेतं. नर्सरीतलं रोप बऱ्याचदा कोकोपीटच्या गोळ्यातच असतं. तो गोळा तसाच मातीत ठेवला तर भोवतालची माती ओली आणि गोळा कोरडा, अशी अवस्था होते आणि भरपूर पाणी घालूनही रोप महिन्याभरात बसतं. लावण्याआधी गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून बोटांनी मोकळा करा, कोकोपीट सुटेल तेवढं सोडवा.

छाट लावताना ती उभी खुपसू नका. 8 ते 10 सेंटिमीटरची निरोगी फांदी घ्या, चिखलावर आडवी ठेवा, मधली दोन-तीन पेरं बोटानं हलकेच चिखलात दाबा आणि शेंडा वर राहू द्या. पावसाळ्यात आठवडा-दहा दिवसांत पेरांखाली पांढरी मुळं फुटतात. फांदी खोल गाडली तर ती मातीखाली काळी पडून मरते, आणि कुजणं म्हणतात ते बहुतेक वेळा इथेच घडतं. दोन छाटांमध्ये एक वीत अंतर पुरे. शेतात मोठ्या प्रमाणावर लावतात तेव्हा 10 बाय 10 सेंटिमीटरवर लावतात आणि लगेच वाफा पाण्यानं भरतात.

टब थेट स्लॅबवर ठेवू नका, चार विटांवर ठेवा. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं पाहिजे. त्याहून कमी मिळालं तर फांद्या लांबतात, पेरांमधलं अंतर वाढतं, पानं बारीक राहतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी लावा. ती झाडाला उन्हापासून वाचवण्यासाठी नाही, पाणी कमी उडावं म्हणून. नागपूर, अकोला, जळगावकडे या दिवसांत टबातलं पाणी एका दिवसात खाली जातं, तिथे दोन वेळा बघावं लागतं.

पाणी भरपूर आहे, तरी पिवळी पडते

इथे कुठलं पान पिवळं आहे ते बघा. सगळा निवाडा त्यावर आहे.

खालची, जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल तर नत्र कमी पडलंय. पसरट टबात माती थोडी असते आणि नीरब्राह्मी हपापल्यासारखी वाढते, त्यामुळे एका पावसाळ्यात खत संपतं. मुरलेल्या शेणखताचं पातळ पाणी पंधरवड्यातून एकदा द्या. ताजं शेण अजिबात नको, कारण पुढे येईलच.

उलट शेंड्याची नवी पानं फिकट पिवळी, काही वेळा जवळजवळ पांढरट, आणि खालची हिरवी असतील तर लोह मिळत नाहीये. मार्चनंतर ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी सुरू होतं, त्यांच्या टबात हे हमखास दिसतं. टबाच्या काठावर, भोकाभोवती पांढरा थर बघा. तो असला तर पाणी जड आहे, माती अल्कधर्मी होत चालली आहे, आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. बागेतली काळी माती वापरली असेल तर हा त्रास लवकर होतो. आधी टबातलं पाणी भोकाखालून काढता येईल तेवढं काढा, साठवलेलं पावसाचं पाणी किंवा पालिकेचं साधं पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढा. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना वापरायची पद्धत आहे, पण त्यात क्षार जास्त असतात, इथे ते घालू नका. मग एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि लिंबाचे काही थेंब घालून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारलेली वाढ खाण्यात घेऊ नका, कापून टाका, पुढची येऊ द्या.

सगळंच झाड एकदम मरगळलं, माती भिजलेली आहे, आणि टब हलवला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तर खालची माती सडली आहे. एक काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढा. ती काळी निघाली आणि वास आला तर निदान पक्कं. ताजं शेण, स्वयंपाकघरातला अर्धवट कुजलेला कचरा, भाजीची सालं, खरकटं पाणी, यातलं काही तरी बंद पाण्याखाली कुजतंय. हवा नसताना कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो आणि मुळं त्यानं मरतात. चांगलं कुजलेलं खत घातलेल्या चिखलात हे इतक्या जोरानं होत नाही. इलाज म्हणजे शेंड्यांकडच्या निरोगी फांद्या कापून पाण्याच्या ग्लासात ठेवायच्या, टब रिकामा करायचा, माती उन्हात पसरून वाळवायची आणि नव्यानं भरायचा. वरवर पाणी बदलून हे सुधारत नाही.

मधेच टक्कल पडतं

दुसऱ्या वर्षी हे होतंच. टबाच्या मधोमध जुनी, काष्ठासारखी झालेली खोडं उघडी पडतात आणि हिरवी वाढ सगळी काठावरून बाहेर लोंबते. लोंबणारी एक फांदी उलटी करून नीट बघा. प्रत्येक पेरापाशी दोन-चार पांढरी मुळं फुटून हवेतच थांबलेली दिसतील, काहींची टोकं सुकून तपकिरी झालेली. झाड पुढची ओली जमीन शोधतंय. तळ्याकाठी त्याला ती मिळते, मागचा भाग मरतो आणि पुढचा चालत राहतो. कुंडीत पुढे जमीन नाही. मग मागचा भाग वयानं आणि पुढचा भाग तहानेनं, असं दोन्हीकडून झाड संपतं, आणि आपल्याला वाटतं एप्रिलनं मारलं.

म्हणून दरवर्षी जूनच्या पहिल्या पावसानंतर हाच टब पुन्हा लावायचा. काठावरचे शेंडे कापून बाजूला ठेवा, जुन्या खोडांचं जाळं उपटून काढा, माती खालीवर करा, मूठ-दोन मुठी मुरलेलं खत मिसळा आणि शेंडे आडवे लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते केलं की दर वर्षी विकतचं रोप आणण्याची गरज राहत नाही. एप्रिलमध्ये गावाला जाणार असाल तर चार-सहा फांद्या पाण्याच्या बरणीत घालून शेजाऱ्यांकडे द्या. नीरब्राह्मी नुसत्या पाण्यातही कित्येक आठवडे जगते.

हिवाळ्याबद्दल एवढंच, की पुणे, नाशिक, विदर्भातल्या थंडीत तिची वाढ थांबते, पानं बारीक आणि थोडी लालसर होतात. ती मेलेली नसते. पाणी चालू ठेवा, फेब्रुवारीत फुटते.

किडींचा त्रास कमी. शेंड्यांवर मावा दिसला तर टब पाण्यात बुडवून ठेवा, मावा वर येतो, पाण्याबरोबर ओतून द्या. पावसाळ्यात नाकतोडे आणि गोगलगायी पानं खातात, त्या संध्याकाळी हातानं वेचा. खायच्या झाडावर रासायनिक कीटकनाशक नको. लाल कोळी दिसला तर ते झाड कोरडं पडत असल्याचं लक्षण समजा.

हे पाणी तिच्या भाऊबंदांना देऊ नका

जुन्या पुस्तकांत नीरब्राह्मी स्क्रोफ्युलॅरिएसी कुळात सापडेल. या कुळात पूर्वी शोभेची आणि औषधी अशी कितीतरी झाडं एकत्र होती. 1990 नंतर डीएनएच्या अभ्यासातून ही मोट सुटली. नीरब्राह्मी, डॉग फ्लॉवर (स्नॅपड्रॅगन), डिजिटॅलिस आणि कुटकी ही औषधी वनस्पती आता इसबगोलाच्या कुळात, प्लँटॅजिनेसीत गेली, टोरेनिया हे शोभेचं फुलझाड लिंडर्निएसीत. बागेत मात्र पुष्कळ जण अजून त्यांना एकत्र धरतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला करतात.

डॉग फ्लॉवरचं बरोबर उलटं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकलं आणि रोपं दोन पानांवर असताना जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली, तर ती पाण्यानं मेली. पाणी हलकं, सकाळी, माती वरून सुकल्यावर. पुढे पानाखाली तपकिरी भुकटीचे ठिपके दिसले तर तो तांबेरा. तो पान ओलं राहिल्यानं वाढतो, तेव्हा पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको, आणि डागाळलेली पानं काढून जाळा, खतात टाकू नका. टोरेनिया मधली: सावली, सतत दमट माती, पण चिखल नाही.

कुटकीची रोपं ऑनलाइन विकत घेणारे दर वर्षी भेटतात. ती हिमालयात साधारण 3,000 मीटरच्या वर वाढते. पुण्यात किंवा ठाण्यात कितीही काळजी घेतली तरी ती टिकणार नाही, त्यात तुमचा दोष नाही. कुटकी, म्हणजे पिक्रोऱ्हायझा कुरूआ, 1997 पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण जंगलातून ती बेसुमार उपटली गेली. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधात कुटकीचा मोठा भाग असतो, तेवढ्यासाठी विश्वासू औषधालय बरं. रोपासाठी पैसे घालू नका.

आणि डिजिटॅलिस. थंड हवेच्या ठिकाणी फार सुंदर फुलतं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरानं 1785 मध्ये त्याचा हृदयविकारावरचा उपयोग सविस्तर लिहिला आणि आजही डिगॉक्सिन हे औषध त्याच्याच एका जातीतून मिळतं. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. पान घरी वापरायचं नाही, लहान मुलं असतील तर लावायचंही नाही. एका कुळातली म्हणून सगळी ब्राह्मीसारखी निरुपद्रवी, असं धरून चालणं धोक्याचं आहे.

झाड टिकलं, आता वापर

टब दोन-तीन महिन्यांत भरला की जमिनीपासून 4-5 सेंटिमीटर ठेवून वरचा भाग कात्रीनं कापा. उपटू नका, उरलेल्या पेरांतून पुन्हा फूट येते. कापलेलं वाहत्या पाण्यात तीन-चारदा धुवा, सावलीत पातळ पसरून वाळवा. उन्हात वाळवलं तर रंग जातो, ढीग केला तर बुरशी येते. मोठ्या लागवडीसाठी लखनऊच्या सीमॅप या औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं प्रज्ञाशक्ती, सुबोधक असे वाण दिले आहेत. घरच्या टबाला साधं रोपही पुरतं.

चरकसंहितेत अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर, ब्राह्मीघृत सांगितलं आहे. मेध्य रसायनांच्या, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या औषधांच्या, चार नावांत मात्र मंडूकपर्णी आहे, त्यामुळे दोघींची सरमिसळ जुनी आहे. आधुनिक संशोधनात नीरब्राह्मीतल्या बॅकोसाइड नावाच्या घटकांकडे लक्ष गेलं, आणि त्यांवरचं आरंभीचं काम लखनऊच्याच केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झालं. स्मरणशक्तीवरच्या माणसांमधल्या चाचण्या साधारणपणे 12 आठवड्यांच्या असतात. म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलाला रस पाजून काही साधत नाही. औषधिकोशातली मात्रा 1 ते 3 ग्रॅम चूर्ण आहे. ती मोठ्यांसाठी, आणि तीही वैद्यांना विचारून. उपाशीपोटी घेतली तर मळमळ, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात. थायरॉइडची औषधं, फिट्सची औषधं, नाडी मंद असणं, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर स्वतःच्या मनानं सुरू करू नका. फिट्सची डॉक्टरांनी दिलेली गोळी ब्राह्मीच्या भरवशावर बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

शेवटची गोष्ट मातीची. नीरब्राह्मी पाण्यातलं कॅडमियम, शिसं, क्रोमियम, पारा शोषून स्वतःत साठवते, इतकी की सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. त्यामुळे शहरातल्या नाल्याकाठी, कारखान्याच्या ओढ्याकाठी, हमरस्त्याच्या चारीत ती कितीही ताजी दिसली तरी खाण्यासाठी तोडू नका. तिथली फांदी आणून लावायची असेल तरी आधी स्वच्छ टबात वाढवा, त्या वाढीचे शेंडे दुसऱ्या टबात लावा आणि वापर त्या दुसऱ्या टबातलाच करा. टब भरायला गाळ आणताना तो कुठल्या तळ्यातला आहे, त्यात कोणाचं पाणी येतं, हे विचारून घ्या. खात्री नसेल तर गाळ सोडून लाल माती घ्या.